मागची सीट

“तुम्ही घरी येऊन गाडी शिकवता का?”

फोनवरचा आवाज इतका बारीक होता की मी आधी मिक्सर बंद केला आणि मग विचारलं, “काय म्हणालात?”

“स्कूटी. घरी येऊन शिकवता का?”

“घरी येऊन घेऊन जाते. शिकवते मैदानावर.”

“मैदानावर नको. आमच्या कंपाउंडमध्येच शिकवा.”

“अहो बाई, कंपाउंडमध्ये शिकून जाणार कुठं तुम्ही? हौदापर्यंत?”

ठेवला वाटतं फोन, असं मी म्हणतेय तोवर ती म्हणाली, “सांगलवाडीला.”

सांगलवाडी म्हणजे कृष्णेच्या पलीकडं. मधे फक्त पूल. सांगलीतली माणसं संध्याकाळी हवा खायला चालत जाऊन येतात. मला हसू येत होतं, ते मी गिळलं. बरं झालं गिळलं.

पंधरा वर्षं झाली याला. तेव्हा माझा बायकांना स्कूटी शिकवायचा क्लास जोरात होता. क्लास म्हणजे एक स्कूटी, एक मी आणि दिरानं रंगवून दिलेली पाटी. मी नववीपर्यंत शिकलेली. गाडी शिकले ती भावाच्या लुनावर, कुणी न शिकवता. त्याचा दाखला दोन्ही गुडघ्यांवर अजून आहे. त्यामुळं शिकवायची पद्धतही माझी मीच बसवली होती. बाईला पुढं बसवायचं, आपण मागं बसायचं, दोन्ही पाय जमिनीला लागतील असे ठेवायचे आणि तोंड सुरू ठेवायचं. आठव्या-नवव्या दिवशी गाडी हळू असताना मी पाय टेकून गुपचूप उभी राहायची. गाडी माझ्याखालून निसटून पुढं जायची. बाई पन्नास पावलं एकटी चालवायची, मग काहीतरी विचारायची, उत्तर आलं नाही की मागं वळून बघायची आणि किंचाळून हसायची. शंभरावर बायकांना मी अशी सोडली होती. मला त्याचा गर्वच होता म्हणा ना.

फोनवरच्या बाईचं नाव उज्ज्वला आरवाडे. अडतीस-चाळीसची, उंच, अंगावर इस्त्रीची साडी. नवऱ्याचं, भरतभाऊंचं, हळदीचं दुकान. घर ऐसपैस, पुढं फरशीचं मोठं अंगण. त्या अंगणात ती चार दिवसांत गाडी शिकली. इतक्या लवकर शिकलेली बाई मी बघितली नव्हती. हौदाला वळसा, पायऱ्यांना वळसा, आठचा आकडा, सगळं झकास. पण गाडी फाटकासमोर आली की तिचे खांदे कानाला लागायचे आणि ब्रेक दाबला जायचा. फाटक उघडं असो की बंद.

पाचव्या दिवशी मी गाडीवरून उतरले आणि सरळ विचारलं, “उज्ज्वलाताई, फाटकाबाहेर कोण आहे?”

“कोण नाही.”

“कुत्रं?”

“नाही हो.”

“मग भाऊंचं काही? बाहेर जायचं नाही म्हणतात?”

“ते?” ती हसली. “ते बिचारे सात वर्षं सुईदोऱ्यापासून सगळं आणून देतात. साड्यासुद्धा दहा-दहा आणतात, मी एक ठेवते. माझ्यामुळं त्यांना साड्यांतलं मेलं सगळं कळायला लागलंय.”

“सात वर्षं तुम्ही बाहेर गेला नाहीत?”

तिनं मान हलवली. मी पायरीवर बसले. ती आत जाऊन ताकाचे दोन पेले घेऊन आली आणि शेजारी टेकली.

“कारखान्याचा सीझन होता,” ती म्हणाली. “माहेराहून येत होते, रिक्षानं. पुलावर उसाच्या ट्रॉल्या अडकलेल्या. पुढं जाता येईना, मागं येता येईना. आणि एकदम छाती धडधडायला लागली. हाताला मुंग्या. घसा असा कोरडा की थुंकी गिळवेना. वाटलं, मी आता इथंच मरते. या ट्रॉल्यांच्या मधे, सगळ्यांच्या देखत.”

“मग?”

“मग काय, मेले नाही. दवाखान्यात नेलं. ईसीजीची पट्टी काढली, हृदय चांगलं. एक डॉक्टर म्हणाले गॅसेस. सासूबाई म्हणाल्या नजर. पण मला सारखं वाटायचं, परत तसं झालं तर? म्हणून मग पूल सोडला. मग बाजारात तसं व्हायला लागलं, तर बाजार सोडला. मग देऊळ. मग गल्ली.” तिनं फाटकाकडं बोट केलं. “आणि मग हे.”

“घरात होत नाही?”

“घरात नाही होत.”

“आणि लोकांना काय सांगता?”

“मी कशाला सांगते? लोकच म्हणतात, आरवाडेंची सून घर सोडत नाही, फार गुणाची. पाहुणे इकडंच येतात. कार्यंसुद्धा आमच्याच घरी करतात, मला बरं पडावं म्हणून.”

मला तिच्याबद्दल वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, त्याआधी नवल वाटलं. एवढी धडधाकट बाई, स्वतःच्या पायांनी स्वतःभोवती रिंगण लहान करत करत आणते आणि सगळं गाव तिला शाबासकी देतं!

“मग गाडीच का? रिक्षा आहे, भाऊंची चारचाकी आहे.”

“रिक्षा माझ्या मनासारखी वळत नाही,” ती पटकन म्हणाली, हे उत्तर तिनं कितीतरी दिवस तयार ठेवलं असावं. “दुसऱ्याला सांगायचं, थांबा, फिरवा, मला कसंतरी होतंय... त्याचीच लाज वाटते. गाडी माझ्या हातात असली तर मी वळवली की वळली.” मग ताकाचा पेला खाली ठेवून म्हणाली, “आक्का पडली. माझी आई. दर गुरुवारी पूल ओलांडून यायची, सात वर्षं. आता खुब्यात सळई घातलीय. ती काही परत यायची नाही इकडं. ऐंशीची आहे. मला जायला पाहिजे, ताई.”

म्हणजे हौदापर्यंत गाडी शिकायची नव्हती तर.

दुसऱ्या दिवशी मी मागं बसले आणि म्हणाले, “आज फक्त फाटकातून पुढचं चाक बाहेर. मी आहे.” चाक बाहेर गेलं. त्याच्या पुढच्या दिवशी गल्लीचं टोक. मी मागून अखंड बोलत होते: कुणाची सून पळाली, कुणाच्या लोणच्याला बुरशी आली. आठवड्यात आम्ही शाळेच्या मैदानापर्यंत जाऊन आलो. गल्लीतल्या बायका दारात येऊन बघायच्या. भरतभाऊंनी माझ्या घरी पेढे धाडले. “ताई, डॉक्टरांना जमलं नाही ते तुम्ही केलंत,” ते म्हणाले. मी पण पेढा खाऊन टाकला.

आणि फाटकाबाहेर पडल्याच्या नवव्या दिवशी मैदानाच्या रस्त्यावर मी गुपचूप उतरले.

गाडी पुढं गेली. दहा पावलं, वीस, पन्नास. सरळ, सुरेख. मी कमरेवर हात ठेवून हसायच्या तयारीत. तिनं काहीतरी विचारलं. उत्तर आलं नाही. तिनं मागं बघितलं.

ती किंचाळली नाही. हसली नाही. गाडी आडवी पडली आणि ती रस्त्याच्या कडेला बसली, छातीवर हात दाबून, तोंड उघडं. मी पळत पोचेपर्यंत पंधरा माणसं जमली होती. एक म्हणे कांदा हुंगवा, एक म्हणे चप्पल हुंगवा. एक बाई पदरानं वारा घालत सगळ्यांना सांगत होती की बाईला दिवस गेलेत. उज्ज्वला फक्त माझ्याकडं बघत होती. ती भेदरलेली होती खरी. पण मला जे लागलं ते दुसरंच होतं. फसवलेलं माणूस बघतं तसं ती बघत होती.

रिक्षात ती एकच वाक्य बोलली. “सांगायला पाहिजे होतं तुम्ही.”

त्यानंतर फाटक बंद. मी दोनदा गेले. दोन्ही वेळा भरतभाऊ बाहेर आले. दुसऱ्या वेळी हात जोडून म्हणाले, “ताई, राग नाही. पण आता गाडीचं नाव नको. आहोत ना आम्ही सगळं आणायला.”

“आणि आक्का? त्यांना आणाल?”

आतून कपबशीचा आवाज आला. ती दाराआडच होती.

माझं तीन आठवडे शिकवण्यात मन लागेना. शंभर बायकांना चाललं ते हिला का चाललं नाही? पडायची भीती म्हणावी, तर ही पडायला घाबरतच नव्हती. अंगणात दोनदा आपटली तेव्हा हसली होती. मग ही घाबरते कशाला? शेवटी मी मिरजेला गेले. तिथं डॉक्टर शमा बागवान मनाचे आजार बघायच्या. नंबर लावला, दोन तास बसले.

“काय त्रास होतो?” डॉक्टरांनी विचारलं. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर.

“मला काही नाही. त्रास दुसरीला आहे. चूक माझी आहे.”

त्यांनी चष्मा खाली घेतला. “बोला.”

मी सगळं सांगितलं. रिक्षा, ट्रॉल्या, फाटक, माझं उतरणं. नाव तेवढं सांगितलं नाही. त्या मधेमधे प्रश्न विचारत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, “याला ॲगोराफोबिया म्हणतात. लोक म्हणतात मोकळ्या जागेची भीती. पण जागेचं खरं काही नसतं. ‘इथं मला काही झालं तर मी निसटणार कशी, मला धरणार कोण’, ही ती भीती. पुलावर, गर्दीत, रांगेत, कुठंही.”

“पण होत तर काही नाही. मरत तर नाही माणूस.”

“तुम्हाला माहीत आहे. तिच्या शरीराला माहीत नाही. भीती घाटासारखी असते. चढते, चढते, माथ्यावर जाते आणि आपोआप उतरते. वीस मिनिटं, अर्धा तास. पण ही माणसं अर्ध्या चढावरून परत फिरतात. घरी आलं की बरं वाटतं, आणि शरीर शिकतं की घरी पळालो म्हणून वाचलो. उतार त्यांनी कधी बघितलेलाच नसतो.”

मी म्हटलं, “माझ्याबरोबर तर मैदानापर्यंत आली की!”

“तुम्ही मागं असताना ती कुठवर गेली असती?”

“कुठंही.”

“तुमच्याशिवाय?”

माझ्या डोळ्यांपुढं ते बंद फाटक आलं.

“म्हणजे तिनं घर सोडलं नव्हतं, ताई. तुम्हीच तिचं घर झाला होता. चाकावरचं.” त्या हसल्या, पण वाईट नाही हसल्या. “उतरायचं तर होतंच तुम्हाला. पण न सांगता नाही. तिला आयुष्यात कसली भीती आहे? आधार एकाएकी जाईल याची. तुम्ही नेमकं तेच करून दाखवलंत. तिला सांगून, तिनं ठरवलेल्या दिवशी, तिनं सांगितलेल्या जागी उतरायचं. आणि मी तिला बघितल्याशिवाय यातलं काहीही करायचं नाही.”

“ती येणार कशी मिरजेला?”

“ते तिला विचारा. मी फोनवर बोलेन.”

मी फाटकाबाहेर उभी राहून घरात फोन लावला. मला ती खिडकीत दिसत होती, मी तिला.

“उज्ज्वला, चुकले मी. परत न सांगता उतरणार नाही. तुझ्या गळ्याची शप्पथ.”

“तुमच्या गळ्याची घ्या,” ती म्हणाली. बरं वाटलं मला.

मिरजेची वाट तिसऱ्या खेपेला पुरी झाली, भाऊंच्या गाडीतून, काचा उघड्या ठेवून. दवाखान्याच्या आवारात आल्यावर तिला काही उतरवेना. तर डॉक्टरच बाहेर आल्या आणि लिंबाखाली, गाडीच्या दाराला टेकून तासभर बोलत राहिल्या. एक बारीक गोळी सुरू केली. आणि एक वही. रोज एक जागा ठरवायची. तिथं जायचं, भीती दहापैकी किती ते लिहायचं, आणि ती निम्मी होईपर्यंत तिथंच थांबायचं. पळायचं नाही, देवाचं नाव घेऊन विसरायचं नाही, बडबड करून मन दुसरीकडं न्यायचं नाही. हे शेवटचं त्यांनी माझ्याकडं बघून सांगितलं. भाऊंनाही कामाला लावलं: तिनं मागितल्याशिवाय काही आणायचं नाही. ते बिचारे दोन दिवस रिकाम्या पिशवीसारखे घरात फिरले.

गल्लीच्या टोकाला पहिल्या दिवशी नऊ. तिथं आम्ही पाऊण तास उभ्या. लोक विचारत, कुणाची वाट बघताय? चौथ्या दिवशी पाच. मग मी मागून उतरले, सांगून, आणि शेजारी चालले. मग कोपऱ्यावर उभी राहिले. मग घरी, फोनजवळ. मधे एक आठवडा सगळं उलटं गेलं. भाजी मंडईत दहा झाले आणि ती टोपल्यांच्या मधे खाली बसली. पण बसली ती तिथंच बसली. चाळीस मिनिटांनी उठून मला म्हणाली, “ताई, उतरली हो. आपली आपण उतरली.” तिच्या चेहऱ्यावर एखादी वस्तू सापडल्यासारखं नवल होतं.

आणि मग एप्रिलातली ती सकाळ.

पुलाच्या अलीकडं तिनं ब्रेक दाबला. (लायसन्सचं विचारू नका, ते नंतर रीतसर काढलं.) मी मागं होते.

“किती?” मी विचारलं.

“नऊ.”

“उद्या येऊ या?”

तिनं पुलाकडं बघितलं. नदीला पाणी कमी, ऊन नुकतं तापायला लागलेलं. मग ती पुढंच बघत म्हणाली, “उतरा.”

मी उतरले. मला अजून आठवतं, सीटवरचा हात मला लवकर काढवेना.

ती गेली. हळू, डाव्या कडेनं. एक टेंपो हॉर्न वाजवत तिला घासून गेला. आणि पुलाच्या बरोबर मध्यावर तिची गाडी थांबली. ती उतरली नाही. एक पाय टेकून, एका हातानं कठडा धरून उभी राहिली.

एक मिनिट. दोन. पाच.

आमचा दूधवाला जनूभाऊ सायकलवरून येत होता. माझ्याजवळ थांबला. “ती तुमचीच गाडी नव्हं? बंद पडली वाटतं. जातो, किक मारून देतो.”

“नको.”

“अवो, बाईमाणूस एकटी हाय पुलावर.”

“असू दे.”

“चक्कर-बिक्कर आली तर?”

“जनूभाऊ, पाया पडते तुमच्या, जाऊ नका!”

त्यानं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की जणू मीच डॉक्टरकडं जायला हवं. आणि खोटं कशाला सांगू, माझी छाती तेव्हा धडधडत होती, हाताला मुंग्या, घसा कोरडा. दोनदा मी पाऊल टाकलं. दोनदा मागं घेतलं. मी गेले असते तर तिनं मला मागच्या सीटवर घेतलं असतं आणि आम्ही दोघी खुशाल सांगलवाडीला पोचलो असतो. आक्का खूश, भाऊ खूश, पेढे. आणि तिला पूल कधीच मिळाला नसता.

त्या दिवशी मला कळलं की त्या सीटवर बसायला मला किती आवडत होतं.

बाराव्या मिनिटाला तिनं कठड्यावरचा हात सोडला. गाडी पुढं निघाली. पलीकडच्या झाडांत दिसेनाशी झाली.

मी रसवंतीच्या बाकड्यावर बसले. अर्ध्या तासानं फोन वाजला. म्हातारा, खणखणीत आवाज.

“शिकवणाऱ्या बाई का? मी उज्ज्वलाची आई. पोचलीय ती. फोन करायचा म्हणाली आणि माझ्याच खाटेवर, माझ्या कुशीत झोपून गेली. घोडीएवढी झालीय, मला हलता येईना.”

“मग उठवा की तिला.”

“कशाला? सात वर्षांनी आलीय,” आक्का म्हणाल्या आणि फोन ठेवला.

साडेबारा झाले. दोन रस झाले. परत येतानाही पूल आहेच, आणि एकटीच यायचंय, हे माझ्या डोक्यातून जाईना. शेवटी पुलावर माझी स्कूटी दिसली. मध्यावर ती जरा मंदावली. मी उठून उभी राहिले. ती थांबली नाही. ओठ घट्ट मिटलेले, पदर कमरेला खोचलेला, नजर समोर. मी रस्त्याच्या कडेला आले, हात वर केला, “उज्ज्वला!”

ती माझ्यासमोरून गेली. बघितलंसुद्धा नाही. चौकात इंडिकेटर दिला, घराकडं वळली.

मी रस्त्यावर तशीच, हात वर. कर्रकन ब्रेक लावून एक रिक्षा माझ्यापुढं थांबली.

“कुठं जायचं, मावशी? त्या स्कूटीच्या मागं घेऊ?”

“नको,” मी आत बसत म्हणाले. “तिच्या मागं अजिबात नको. दुसऱ्या रस्त्यानं घे.”